रडण्याची वही

माझ्या बहिणीचा निरोप मला वेळेवर पोचला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली दहा वर्षं मी शिकवतो त्या शाळेतले मास्तर लोक माझी बाजू घेऊन बोलत असतात. बिचारा नागपूरला शिकत होता, त्याला कोणी कळवलंच नाही, अडाणी माणसं, पत्र तरी कोण लिहिणार, असं. कळवलं होतं. माझ्या आईनं माझ्या गळ्यात पडून कळवलं होतं आणि मी ते शब्द न् शब्द पेन्सिलीनं लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं, ऐकलं तेवढं नाही.

हे कोणाला जमेल असं वाटत नाही. मला जमलं, कारण मी ते वर्षभर मेहनतीनं शिकलो होतो.

शेलूबाजारापासून दीड कोसावर आमचा तांडा. तिथला मी, उदयसिंग, पहिला मॅट्रिक, पहिला बी.ए., आणि इंग्रजी घेऊन एम.ए. करायला बसलेला तर आसपासच्या वीस तांड्यांतला पहिला. बी.ए.ची परीक्षा आणि धाकट्या बहिणीचं, नानीबाईचं लग्न एकाच आठवड्यात आलं. मी परीक्षेला बसलो. बाप हेमला त्याआधीच वारला होता, त्यामुळे लग्नात भावाचे सगळे मान सोमलामामानं केले. नानीच्या सासरचे, धनजच्या बाजूच्या तांड्यातले, तोंडावर काही बोलले नाहीत. पण मनात धरून बसले. नवरीचा सख्खा भाऊ लग्नाला येत नाही म्हणजे आपल्याला हलकं समजतो, असं त्यांनी घेतलं. त्यांचं फार चुकलं असंही नाही.

एम.ए.ला प्रोफेसर हॅडली होते. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी ते अशी म्हणून दाखवायचे की समजत काही नसलं तरी माणूस जागेवरून हलत नसे. कविता शिकवणारे दुसरे होते. हॅडलीसाहेब भाषाशास्त्र शिकवायचे: कोणता स्वर कोणत्या शतकात कुठे सरकला, जीभ कुठे टेकते, वारा नाकातून किती जातो. वर्गात आम्ही सहाजण. बाकीचे पाच वकिलांचे नाही तर मामलेदारांचे. ते माझ्याशी बोलायचे, पण माझ्या लोट्यानं पाणी प्यायचे नाहीत.

एकदा साहेबांनी घरी कोणती भाषा बोलतोस म्हणून विचारलं. मी वऱ्हाडी म्हणून वेळ मारून नेली. ते म्हणाले, ती बाजारातली झाली, आईची कोणती? मग सांगावं लागलं, की आमची बंजाऱ्यांची बोली आहे, तिला लिपी नाही, कोणी तिला भाषा म्हणत नाही. आणि बोलता बोलता हेही सांगितलं, की आमच्यात बायका बऱ्याच दिवसांनी माणूस भेटला की त्याच्या गळ्यात पडून सुरात रडतात. मधल्या काळात कोण मेलं, कोणाचं काय झालं, ते त्या रडण्यातच सांगतात. साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "हे कोणी लिहून ठेवलंय?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "मग तू काय करतो आहेस इथे?"

त्या दिवशी मी वसतिगृहावर परत गेलो तो छाती फुगवून. बावीस वर्षं जी बोली मी चारचौघांत दाबत आलो, ती ऐकायला एक साहेब खुर्चीतून उठला होता. दोन पेपरांऐवजी मी हाच प्रबंध लिहायचा असं ठरलं. आज या माणसावर राग काढावासा वाटतो, पण खरं सांगायचं तर माझ्या आईच्या भाषेला किंमत आहे असं मला सांगणारा तो पहिला माणूस.

त्यांनी मला कानाची तालीम दिली. ते म्हणायचे, अर्थ हा ऐकणाऱ्याचा वैरी आहे. अर्थ कळला की कान झोपतो. म्हणून अर्थ दाराबाहेर ठेवायचा आणि फक्त आवाज घ्यायचा. दर आठवड्याला ते मला सीताबर्डीच्या बाजारात बसवायचे. भाजीवाली बोलायची, मी ध्वनिलिपीत उतरवायचो. ध्वनिलिपी म्हणजे प्रत्येक आवाजाला वेगळी खूण, वर सुराचे चढउतार. मग ते विचारायचे, ती काय विकत होती? सुरुवातीला मी वांगी म्हणालो. साहेबांनी मान हलवली, अजून कच्चा आहेस. चार महिन्यांनी त्यांनी तेच विचारलं आणि मला खरोखर सांगता आलं नाही. ते इतके खूष झाले की त्यांनी मला घरी चहाला नेलं. जिवाचा कान करून ऐकणं म्हणतात, तसं मी ऐकायला लागलो होतो. जीव तेवढा बाहेर राहायचा.

छत्तीस सालच्या दसऱ्याच्या सुटीत मी गावी निघालो. मूर्तिजापूरला गाडी बदलली, छोट्या गाडीनं कारंजा, तिथून जिनिंगला कापूस टाकून परतणाऱ्या बैलगाडीनं शेलूबाजार, आणि पुढे पायी. वाटेत दोन पेन्सिली तासून ठेवल्या. आईचं रडणं भेटीच्या क्षणीच सुरू होणार, पुन्हा म्हण म्हटलं तर ती म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तांड्याच्या अलीकडे, बाभळीखाली, वही उघडून हातातच धरली.

आई, रामीबाई, शेणाच्या हातानंच धावत आली. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर कपाळ टेकलं आणि सूर लावला. अशा वेळी पुरुषानं मान खाली घालून उभं राहायचं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, एवढंच त्याचं काम. मी हात ठेवला नाही. मी वही तिच्या पाठीवर टेकवली आणि लिहायला लागलो.

तिला ते कळलं. पाठीवर पेन्सिल चालते आहे हे न कळायला काय झालं? एक क्षण ती थांबली. मग तिनं पुन्हा सुरुवात केली, पण हळू. एकेक ओळ सोडायची, पेन्सिल थांबायची वाट पाहायची, मग दुसरी. मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. असे स्वच्छ स्वर, इतके सावकाश, कोणत्या विद्यार्थ्याला मिळाले असतील? शेवटचा स्वर नाकातून जाताना खाली उतरतो की वर चढतो, यावर माझं सगळं ध्यान होतं. सात पानं झाली. ती रडून थांबली तेव्हा मी ओळींना आकडे घालत होतो.

सोमलामामा बाजूला उभा राहून हे पाहत होता. तो बायकांना म्हणाला, "लिवून घेतलं पोरानं. आता होईन काम."

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. आमच्या तांड्यात कागद कधी रिकामा येत नसे. पटवारी लिहून न्यायचा आणि शेत जायचं. जंगलाचा शिपाई लिहून न्यायचा आणि माणूस जायचा. साहेबाच्या कागदावर आलं ते घडलंच, हे आमचे लोक तीन पिढ्या अंगावर सोसून शिकले होते. कागदावर आलेलं नुसतं आवाजासाठी असू शकतं, हे त्यांना कुठून सुचणार?

आणि दुसरी. आमच्यात जे रडून सांगितलं ते पुन्हा तोंडानं सांगत नाहीत. कोरड्या डोळ्यांनी लेकीच्या सासरबद्दल बोललं तर ती चहाडी होते. त्यातून शेजारच्या झोपडीत नानीच्या नवऱ्याची, देवलाची, चुलती राहायची आणि दिवसभर दारात बसून असायची.

तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती, तेव्हा मला आठवण झाली आणि मी विचारलं, "याडी, नानी कशी हाये?" आमच्यात आईला याडी म्हणतात. बोललो आम्ही आमच्या बोलीत, इथे वऱ्हाडीत उतरवतो आहे.

तिचा हात परातीत थांबला. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सांगतलं ना बाप्पा," ती हळूच म्हणाली. "समदं लिवलं ना तू?"

"लिवलं."

"मंग?"

मला तिथेच म्हणता आलं असतं, की याडी, मी ऐकलं नाही, पुन्हा सांग. दोन वाक्यं होती. ती मी बोललो नाही, कारण मला लाज वाटली. तांड्यातला शिकलेला मुलगा, आई गळ्यात पडून रडली आणि त्याला एक अक्षर समजलं नाही, हे कसं सांगायचं? मनाशी म्हटलं, वहीत आहेच, सवडीनं पाहू. नानी बरी असेल, नेहमीची रडगाणी असतील, वाट पाहून डोळे थकले वगैरे. ही माझी त्या वेळची बुद्धी. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी वर्गात पहिला होतो.

निघायच्या दिवशी आईनं गाडग्यात तूप भरून दिलं, वर फडकं बांधलं. "तुह्या साहेबाले दे," म्हणाली. मग विचारलं, "हे लिवलं ते साहेब वाचन?"

"पुरं वाचन. एकेक अक्षर पाहते तो."

"चांगला मानूस हाये?"

"लय चांगला."

"मंग तो करन काई?"

मला वाटलं, ती माझ्या परीक्षेबद्दल विचारते आहे. मी म्हटलं, "करन ना. त्याच्याच हाती हाये समदं." तेव्हा ती हसली. त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच हसली. मला वाटेला लावून ती परत फिरली ती ताठ मानेनं.

कारंज्याच्या स्टेशनावर छोटी गाडी पाच तास उशिरा आली. मी बाकावर वही उघडून बसलो आणि अनुनासिक स्वरांखाली रेघा मारल्या. तिथून नानीचा तांडा पाच-सहा कोस. उठून चालायला लागलो असतो तर दिवस मावळायच्या आत तिच्या दारात पोचलो असतो. मी रेघा मारत बसलो.

नागपुरात कामाला भिडलो. साहेबांची पद्धत अशी, की लिहून आणलेलं आधी कापायचं. एकेक शब्द चिठ्ठीवर घ्यायचा आणि चिठ्ठ्या आवाजाप्रमाणे डब्यांत लावायच्या. आईच्या सात पानांच्या चारशे बारा चिठ्ठ्या झाल्या. 'भाऊ' हा शब्द ओठांच्या आवाजांच्या डब्यात पडला, 'नेणं' नाकातल्या आवाजांच्या. दिवाळी गेली, कार्तिक गेला, वेचणीचा हंगाम गेला. तूप साहेबांना फार आवडलं. ते टोस्टला लावून खायचे आणि दर वेळी तुझ्या आईला धन्यवाद कळव म्हणायचे.

जानेवारीत एका दुपारी साहेब वर्गात म्हणाले, "चिठ्ठ्या झाल्या. भाषांतराला बसण्याआधी हे सगळं एकदा सलग ऐकू या. तू सुरांच्या खुणा केल्या आहेस, त्याप्रमाणे म्हणून दाखव."

मी वही घेऊन उभा राहिलो. समोर पाचजण आणि साहेब. पहिली ओळ खुणांप्रमाणे म्हटली आणि माझ्या तोंडातून आईचा आवाज निघाला. खुणा इतक्या बिनचूक होत्या. दुसऱ्या ओळीला मला ऐकू यायला लागलं.

"रे बाप्पा, तुह्या बहिनीचं लेकरू गेलं, दूद छातीतच आटलं. रे बाप्पा, ताप येते तं उतरत न्हाई, उठते तं पडते. तुहा मामा तिले आनाले दोन खेपा गेला, रिकाम्या हातानं आला. सासरचे म्हनते, सख्खा भाऊ लग्नाले आला न्हाई, आता न्यायले भाऊच आला पाह्यजे म्हनते. दुसऱ्याच्या संगं पाठवत न्हाई. रे बाप्पा, पोर वाटेकडं तोंड करून निजते. तू जाय. कापूस सरायच्या आंदी जाय. तूच आनशीन तं येईन."

आणि शेवटी, त्या रडण्यात कधी नसते अशी एक ओळ होती. पेन्सिलीसाठी थांबून थांबून म्हटलेली. "लिव बाप्पा, नीट लिव, नानीचं नाव लिव."

मी ते नीट लिहिलं होतं. नावातला दीर्घ ईकार, त्यावर चढता सूर.

मी थांबलो. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. ते म्हणाले, "अप्रतिम. शेवटच्या ओळीत सूर बदलतो, ते का?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं? मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, सगळं व्याकरणशुद्ध. साहेबांनी वर्ग तिथेच सोडला. ते स्वतः मला टांग्यापर्यंत सोडायला आले. टांग्यात बसताना म्हणाले, "वही इथे ठेवून जा. प्रवासात हरवली तर पुन्हा मिळणार नाही." मी वही त्यांच्या हातात दिली.

कारंज्याला उतरलो आणि या वेळी चालत निघालो. नानीच्या तांड्यात शिरताना शेतांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कापूस सरला होता. देवला झोपडीसमोर दोर वळत बसला होता. त्यानं मला ओळखलं, उठला, बाज टाकली, पाणी आणून दिलं. मग सांगितलं, "अठरा दिवस झाले."

 तोच बोलत राहिला. त्याला भांडायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. "दसऱ्याच्या टायमाले तुह्या याडीनं सांगावा धाडला होता, उदयसिंगनं लिवून नेलं, आता तो येते. तवापासून तिनं काही मांगलं न्हाई. मी म्हनलं, वैदाकडं नेतो, तं म्हने राहू द्या, माहा भाऊ येऊन राह्यला. रोज म्हने. गाडी वाजली का मान उचले." दोर त्याच्या हातातच होता. "मामाच्या संगं पाठवाले पाह्यजे होतं मी. माह्या बुढ्या बापानं आईकलं न्हाई. पन मलेई वाटलं, तू येशीन. लिवलं होतं म्हने."

तिला जिथे ठेवलं होतं ती जागा त्यानं दाखवली. ओढ्याच्या काठी, वर दगड रचलेले. मी तिथे किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. रडू आलं नाही. आमच्यात पुरुष सुरात रडत नाहीत, आणि मला दुसरं रडणं माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या तांड्यात पोचलो. मी येतो आहे हे कोणीतरी पुढे जाऊन सांगितलं असावं, आई बाभळीपर्यंत आली होती. ती वाळली होती. मी वाकलो, तिनं गळ्यात हात टाकले, खांद्यावर कपाळ टेकलं. मरणानंतरची पहिली भेट, म्हणजे रडणं मोठं असणार. बायका मागे गोळा झाल्या होत्या. मी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि ऐकायला तयार झालो. आता मला प्रत्येक शब्द ऐकायचा होता.

ती रडलीच नाही. नुसती थांबून राहिली. बऱ्याच वेळानं खांद्यावरून कपाळ न उचलता म्हणाली, "कागद काढ ना बाप्पा. थांबते मी."

"याडी, न्हाई आनला. तू रड."

"काहून न्हाई आनला?"

"साहेबाजवळ हाये."

तिनं हात सोडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो आयुष्यभर उराशी धरून जगलो असतो. राग नव्हता. ती पदरानं माझं तोंड पुसत होती, मी किती चालून आलो आहे ते बघत होती.

"मंग वाचलं का साहेबानं?"

"वाचलं."

"कवा?"

"चार दिवस झाले."

ती हिशेब करत असावी, तिचे ओठ हलले. मग मान हलवून म्हणाली, "उशीर झाला त्याले. त्याचा तरी काय दोष बाप्पा, आपल्यासारक्याइचे किती कागद येत असतीन त्याच्याकडं."

मागे सोमलामामा आणि सगळ्या बायका उभ्या होत्या. सगळे माझ्याकडे पाहत होते, मी साहेबाबद्दल काय सांगतो याची वाट पाहत होते.

मी म्हणालो, "हो याडी. लय कागद येतात त्याच्याकडं."